गाडी उतरते, नट-बोल्ट उतरत नाहीत

"ऐकलं का? आपले भाऊ जर्मन गाडी घेऊन राहिले!"

नागपूरच्या लक्ष्मीनगरातल्या आमच्या गल्लीत ही बातमी कंपाउंडच्या भिंतीवरून पहिल्यांदा काकूंनी टाकली. भाऊ म्हणजे मधल्या घरातले सीए. त्यांच्या एका भिंतीला मी, दुसऱ्या भिंतीला काका. काका विमा कंपन्यांसाठी सर्व्हेअर होते. ठोकलेल्या, बुडालेल्या आणि जळालेल्या गाड्यांचे हिशोब करण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे धावती गाडी दिसली तरी त्यांना आधी तिचा क्लेम-फॉर्म दिसतो.

भाऊ बाहेर आले. हातात फोन, फोनवर फोटो. काळीकुळकुळीत, सात सीटची, आठ वर्षांची, डिझेल.

"काका, पाहा ना. नवी होती तेव्हा ८० लाखांची. आता २० लाखांत देऊन राहिला. ६० लाखांचा फायदा झाला की नाही?"

"६० लाख बुडाले ते पहिल्या मालकाचे," काका म्हणाले. "ते तुझ्या खिशात आले काय?"

"नाही, पण..."

"गाडीची किंमत उतरली, तिच्या पार्टची उतरली काय? हेडलाइट आजही ८० लाखांच्या गाडीच्याच भावानं मिळते. काउंटरवरचा पोरगा तुले विचारत नाही, का भाऊ, तुम्ही गाडी कितीला घेतली."

भाऊ सीए असल्यामुळे त्यांनी आपल्या मैदानात पाय रोवला. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या गाड्यांवरचा कर कसा बदलला, आधी २८ टक्के जीएसटी आणि वर सेस मिळून ५० टक्क्यांपर्यंत जायचं ते सरळ ४० वर कसं आलं, नवीचे भाव खाली आले म्हणून जुनीचेही कसे आले, हे सगळं त्यांनी समजावलं. डीलर नोंदणीकृत असेल तर १८ टक्के जीएसटी त्याच्या मार्जिनवरच लागतो, पूर्ण किमतीवर नाही, हेही सांगितलं.

"कागद तुझा पक्का आहे," काका म्हणाले. "आता रबराचं बोलू."

इथे वहिनी चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. काकूंनी त्यांना भिंतीजवळच थांबवलं. ठेकेदारांच्या गाडीचं काय झालं ते ऐकलं का म्हणून. कोपऱ्यावरच्या ठेकेदारांनी अशीच एक मोठी गाडी घेतली होती. पोरीच्या साखरपुड्याच्या सकाळी ती मागच्या अंगानं खाली बसलेली! पाहुण्यांना वाटलं, डिक्कीत सामान जास्त भरलंय. डिक्की तर रिकामी होती.

"एअर सस्पेन्शन," काका म्हणाले. "स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे असतात. फुगे रबराचे. रबराला चीर पडली की हवा हळूहळू निघते. कॉम्प्रेसर बिचारा रात्रंदिवस ती भरत बसते आणि एक दिवस जळून जाते. म्हणजे बिघाड एकाचा, बिल दोघांचं. एका चाकाचाच खर्च लाखाच्या घरात जाऊ शकते. आणि आपलं ऊन काय पुण्याचं ऊन आहे? ३० मे २०२४ चं आठवते ना, आपल्याकडे ५६ डिग्री दाखवलं होतं?"

"तो तर सेन्सर खराब होता!" भाऊ पटकन म्हणाले. "हवामान खात्यानंच सांगितलं."

"तेच म्हणून राहिलो. हवामान खात्याचा सेन्सर आपल्या उन्हात दगा देते, तिथं आठ वर्षांच्या जुन्या गाडीतल्या डझनावारी सेन्सरची काय कथा! पार्किंगचा, हवेच्या दाबाचा, एक्झॉस्टचा, प्रत्येक चाकाचा वेगळा. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की आपला नाक्यावरचा मिस्त्री हात वर करते. त्याच्याजवळ त्या गाडीचा स्कॅनर नसते. मंग न्या कंपनीच्या वर्कशॉपमधे, आणि तिथं लेबर तासावर लागते."

वहिनींनी कप भिंतीवर ठेवला आणि पहिला कामाचा प्रश्न विचारला. "काका, घ्यायची किंमत कळली. वर्षाला किती खाईल ते सांगा."

काकांना असं गिऱ्हाईक आवडतं. त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. दीड हजार सीसीच्या वरच्या खासगी गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा ७,८९७ रुपये, वर जीएसटीचं जे असेल ते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता वेगळा. शिवाय झिरो डेप सहसा पाच वर्षांपर्यंतच्या गाड्यांना मिळतो, काही कंपन्या सातपर्यंत देतात. तो नसला की क्लेममध्ये रबर, प्लास्टिक आणि एअरबॅगचे ५० टक्के तुमच्या खिशातून. "आणि आजकालच्या गाडीचं तोंड पाहा, अख्खं प्लास्टिकचं आहे. बंपर, जाळी, लाइट. ठोकलं तर निम्मं तूच भरशील."

"आणि टायर?"

"मोठ्या रिमचा एकेक टायर २५-३० हजारांच्या पुढे. काही गाड्यांत रन-फ्लॅट असते, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर जाते. चांगली गोष्ट आहे, पण महाग, आणि त्या गाडीत बहुतेक स्टेपनीच नसते. समृद्धीवर गेला, १२० ची लिमिट, दुपारचं सिमेंट तापलेलं, आणि टायर जुने असले तर..." काकूंनी "शुभ बोला!" म्हणून त्यांना थांबवलं. पण काकांनी पोळ्याच्या दिवसांतला दाखला सोडला नाही. "बैल घेताना आपण शिंगं रंगवलेली पाहतो काय? दात पाहतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असलं तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गोट्या किती उरल्या ते नंतर. चारही टायरवर चार वेगळी सालं असली, तर मालकानं गाडी कशी पाळली तेही समजते."

भाऊंनी मग हळूच सांगितलं की गाडी दिल्ली नंबरची आहे.

"मंग तं झालंच!" काका इतके मोठ्यानं म्हणाले की समोरच्या घराची खिडकी उघडली. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी सुप्रीम कोर्टानं २०१८ साली कायम केली. पुढे ते नियम सैल-कडक होत राहिले, पण भीतीनं तिकडच्या डिझेल गाड्या बाकीच्या राज्यांत स्वस्तात निघायला लागल्या. फोटोत स्वस्ताई दिसते, कर दिसत नाही. तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, म्हणजे फॉर्म २८. गाडी बारा महिन्यांच्या वर इथे ठेवली तर एमएच-३१ करून घ्यावी लागते. आणि महाराष्ट्रात २० लाखांवरच्या डिझेल गाडीचा एकरकमी कर १५ टक्के. गाडीच्या वयाप्रमाणे त्यात सूट मिळते, तरी रक्कम मोठीच. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मागायला दिल्लीतच अर्ज करायचा.

"गिरीपेठच्या आरटीओत जाऊन आधी आकडा काढून आण," काका म्हणाले, "मंग २० लाख म्हण."

मी इतका वेळ ऐकत होतो. म्हटलं, मग गावातलीच घ्यावी, एमएच-३१. यावर काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू क्लेम मीच बुडवला.

"२३ सप्टेंबर २०२३ विसरलात काय? अंबाझरी ओसंडून वाहिली, नाग नदी घरांत शिरली. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सीताबर्डी... बेसमेंटमधल्या गाड्या छतापर्यंत पाण्यात. त्या गाड्या गेल्या कुठं? दुरुस्तीचा खर्च विम्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस. मंग तिचा लिलाव होते. कोणीतरी घेते, धुते, वाळवते, अत्तर मारते."

बुडालेली गाडी ओळखायची कशी, हे त्यांनी मग खास आवाज खाली आणून सांगितलं, जसं काही समोरच्या खिडकीत तो लिलाववाला बसलाय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, टोकाला गाळाची रेघ राहते. स्टेपनीच्या खळग्यात आणि कार्पेटखाली हात घालायचा. सीटच्या बोल्टला गंज पाहायचा. महागड्या गाड्यांत बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक डबे पुष्कळदा सीटखाली किंवा डिक्कीच्या तळाशी असतात, म्हणून त्यांना गुडघाभर पाणीसुद्धा पुरतं. गाडी महिनाभर छान चालते, मग एकेक बटण मरायला लागतं.

भाऊंचा चेहरा पडला होता. "मग घ्यायचीच नाही का?"

"घे ना बाप्पा! नाही कोण म्हणते? पण तुझं ऑफिस धरमपेठेत. डिझेल कायले? एक्झॉस्टमधे काजळी पकडणारी जाळी असते, ती गरम झाल्याशिवाय साफ होत नाही. तिला हायवेवर पळवावं लागते. तू रोज हाकेच्या अंतरावर जाशील आणि जाळी चोंदवशील. पेट्रोल पाहा. तेही २०२३ च्या एप्रिलनंतर बनलेलं, म्हणजे ई-२० साठी तयार. गडकरी साहेबांच्या गावात राहून इथेनॉल विसरून कसं चालंल?"

वहिनी म्हणाल्या, "इतकं सगळं करण्यापेक्षा फॉर्च्युनर घेतली तर?"

"गेलो होतो पाहायला," भाऊ वैतागले. "पाच वर्षं जुनी, तरी भाव खालीच येत नाही! त्या पैशात ही जर्मन येते आणि वर पैसे उरतात."

काका हसले. मला वाटतं सकाळपासून ते याच वाक्याची वाट पाहत होते.

"मंग समजलं काय? एक गाडी उतरत नाही, एक धाडकन उतरते. बाजार येडा नाही, भाऊ. ज्या गाडीचं बिल कमी येते ती माणूस सोडत नाही, म्हणून ती महाग. जिचं बिल येणार आहे ती वॉरंटी संपल्याबरोबर विकायले निघते. ते ६० लाख सूट नाही, पुढच्या बिलाचा अंदाज आहे. त्या अंदाजातून तुझी गाडी वाचली की नाही, एवढंच तुले शोधायचं आहे. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमधे जुना सर्व्हिस रेकॉर्ड काढ, किलोमीटर जुळते काय पाहा. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं ते विचार. गाडीवाले सांगतात ते जन्मभर चालते. ते गिअरबॉक्स बनवणारी जेडएफ स्वतः म्हणते, ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरमधे बदला. आणि पैसे देण्याआधी तपासणी."

वहिनींनी निकाल दिला. "गाडी घ्या. पण किमतीच्या चौथ्या हिश्श्याची एफडी आधी करा, माझ्या नावानं. गाडीचं बिल आलं तर त्यातनं. नाही आलं तर माझी."

भाऊंनी तिथंच, भिंतीला टेकून, विकणाऱ्याला फोन लावला. स्पीकरवर टाकला. गाडी फार आवडली, पैसे तयार आहेत, फक्त रविवारी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये एकदा दाखवून घेतो, खर्च माझा, असं अगदी गोड आवाजात सांगितलं.

पलीकडून थोडा वेळ काहीच आलं नाही. मग, "कायले सर? गाडी एकदम मक्खन आहे. वर्कशॉपवाले फालतू भीती घालतात. आणि एक पार्टी संध्याकाळी टोकन घेऊन येऊन राहिली, तुम्ही आत्ताच सांगा."

भाऊंनी काकांकडे पाहिलं. काकांनी वहिनींचा भिंतीवरचा चहा उचलून घोट घेतला आणि म्हणाले, "झाली तपासणी. फुकटात."