घोड्यावरचा माणूस

मुंबईतला मूळचा काळा घोडा बघायचा असेल तर जहांगीर आर्ट गॅलरीसमोर उभं राहून उपयोग नाही. भायखळ्याला जावं लागतं. १९६५ साली त्याची रवानगी राणीच्या बागेत झाली.

खरं तर तो पुतळा घोड्याचा नव्हेच. १८७५ साली इंग्लंडचे युवराज मुंबईला आले, त्याची आठवण म्हणून सर आल्बर्ट ससून यांनी पदरचे पैसे घालून तो करवून घेतला. शिल्पकारही ऐरागैरा नव्हे. पुढे ब्रिटिश नाण्यांवर राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा घडवणारा जोसेफ बोएम! १८७९ साली पुतळा थाटात उभा राहिला. मुंबईकरांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि नाव घोड्याला देऊन टाकलं. युवराज पुढे सातवे एडवर्ड म्हणून गादीवर बसले, पण मुंबईत त्यांची ओळख 'घोड्यावरचा कोणीतरी' याच्या वर सरकली नाही.

स्वातंत्र्यानंतर परके राजे चौकाचौकांतून हलवायची वेळ आली. साहेबाची बदली झाली म्हणून ड्रायव्हरलाही बिऱ्हाड उचलायला लागावं, तसं घोड्याचं झालं. राजांची सोय मात्र बरी लागली. गेले कुठे, तर आईच्याच बागेत! व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये. पुढे बागेला जिजामातेचं नाव मिळालं. लोक मात्र अजून राणीची बागच म्हणतात, तेवढाच राजांना आधार.

तिथे शाळेच्या सहली येतात. पोरांचं सगळं लक्ष पेंग्विनकडे. त्यातूनही एखादा पुतळ्यापाशी रेंगाळतो आणि विचारतो, "बाई, हे शिवाजी महाराज का?" घोड्यावर बसलेला माणूस दुसरा कोण असणार? बाई रांग सावरत म्हणतात, "नाही रे, चल पुढे." बाईंनाही नाव ठाऊक असेलच असं नाही.

इकडे फोर्टातला चौक रिकामा झाला, पण नाव हललं नाही. नसलेल्या घोड्यापाशी लोक उतरत होते, एकमेकांना भेटायला बोलावत होते. १९९९ पासून तर त्याच्या नावाने कला महोत्सवही भरू लागला. शेवटी २०१७ साली तिथे नवा काळा घोडा आणून उभा केला. पाठीवर कोणीही नाही. मुंबईकरांनी १८७९ सालीच दिलेल्या निकालाची अंमलबजावणी व्हायला १३८ वर्षं लागली. आपल्याकडे हा वेग काही वाईट नाही.