कळलं का काका?

बीएस्सी नर्सिंगला प्रवेश मिळाला तो सीईटीच्या मार्कांवर, पण माझी मनातली समजूत वेगळी होती. माझं बोलणं चांगलं, म्हणून हे क्षेत्र माझं. शाळेत असताना सोलापुरातली एकही वक्तृत्व स्पर्धा मी सोडली नव्हती. विषय कुठलाही असो, मी त्याला वळवून डॉ. द्वारकानाथ कोटणीसांपर्यंत आणायचो. १९१० साली सोलापुरात जन्म, १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला प्रयाण, १९४२ साली तिथंच मृत्यू, आणि शेवटी १९४६चा व्ही. शांतारामांचा सिनेमा. मृत्यूपाशी मी आवाज घोगरा करायचो. परीक्षकांत एखाद्या बाई असल्या तर डोळ्याला पदर लावायच्या. कोटणीस तिथं जाऊन चिनी शिकले, त्यांची पत्नी गुओ छिंगलान नर्सिंग शिकवत होती, हे मात्र भाषणात नव्हतं. त्यात टाळ्यांची जागा सापडेना.

त्यामुळं पहिल्या सेमिस्टरला ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या जोडीला कम्युनिकेटिव्ह इंग्लिश आहे, आणि नर्सिंग फाउंडेशनमध्ये रुग्णाशी संवाद कसा साधायचा यावर धडा आहे, हे कळल्यावर मी निर्धास्त झालो. हाडं पाठ करणाऱ्यांनी करावीत.

वर्गात रोल प्ले झाला. एक मैत्रीण पेशंट, मी नर्स. "ताई, अजिबात काळजी करू नका, सगळं ठीक होईल," अशी सुरुवात करून मी धीर, श्रद्धा, आधुनिक वैद्यकशास्त्र असा चढत गेलो. ट्युटर मॅडमनी हात वर केला. "छान. पेशंट अजून एक शब्द बोललेली नाही." मग त्यांनी सांगितलं, की फ्लॉरेन्स नाइटिंगेलनी १८५९च्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये असल्या पोकळ दिलाशांवर अख्खं प्रकरण लिहिलंय. माझ्या जन्माआधी इतकी वर्षं माझ्याविरुद्ध पुस्तकात प्रकरण पडून होतं, याचा मला, खरं सांगतो, थोडा अभिमानच वाटला.

पुढं वॉर्डात पोस्टिंग लागलं. सोलापूरच्या वॉर्डात खाट बदलली की भाषा बदलते. पूर्व भागातली माणसं तेलुगूत कण्हतात, अक्कलकोटकडची कानडीत, मधल्या खाटेवर उर्दू चालू असते आणि डिस्चार्जची घाई सगळ्यांची मराठीत. यंत्रमागाच्या गल्लीत वाढलेली माझी वर्गमैत्रीण या खाटेवरून त्या खाटेवर जाताना भाषा बदलायची आणि आपण बदलली हे तिला कळायचंही नाही. माझ्याकडं एकच भाषा होती, पण भरपूर होती.

एका आजींची वेदना मोजायची होती. विडी कामगार, वय सत्तरीच्या आसपास. मी पुस्तकात होतं तसं विचारलं, "आजी, शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?"

"बारा आणे," आजी म्हणाल्या.

सोळातले बारा म्हणजे पाऊण, दहाचे पाऊण साडेसात. मी कागदावर 'पेन स्कोअर ७.५' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. मॅडमनी तो अर्धा कुठून आला ते विचारलं, मी हिशेब मांडून दाखवला, तो बरोबर निघाला. फक्त आजींचं दुखतंय कुठं, ते लिहायचं राहिलं होतं.

जर्नलबद्दल फार बोलत नाही. लाल मार्जिन, सुबक अक्षर, आणि सीनियरच्या वहीवरून उतरवलेला केअर प्लॅन. नाव आणि वय मी आठवणीनं बदललं होतं. तरी माझ्या पासष्ट वर्षांच्या पुरुष पेशंटचं उद्दिष्ट 'बाळाला दर दोन तासांनी अंगावर पाजणे' असंच राहिलं.

आता चहाचं. सात नंबरच्या काकांचं हर्नियाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. सिस्टर म्हणाल्या, "सात नंबरला एनबीएम सांगून ये." एनबीएम म्हणजे तोंडावाटे काहीही नाही. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जायची भीती असते, म्हणून साधारणपणे हलकं खाणं किंवा दूध आधी सहा तास बंद आणि नुसतं पाणीसुद्धा दोन तास बंद. हे सगळं मला येत होतं, आणि ते मी काकांना सांगितलंही. स्वरयंत्र, अन्ननलिका, आम्ल, सगळं. काका एकटक बघत होते. शेजारच्या खाटांवरचे नातेवाईकही माना वळवून ऐकत होते, त्यामुळं मी थोडा रंगलो. शेवटी म्हणालो, "म्हणजे रात्रीपासून काहीही खायचं नाही. कळलं का काका?"

"व्हय."

मी वहीत लिहिलं : पेशंटला समजावले, पेशंटला समजले.

सकाळी ओटीच्या दारात भूलतज्ज्ञ मॅडमनी काकांना सहज विचारलं, "काका, उठल्यापासून काय काय केलं?" बघा, काय साधा प्रश्न. काकांनी तोंड धुतल्यापासून सुरुवात केली आणि सहा वाजताच्या चहापाशी आले. दुधाचा, आलं घातलेला, मुलानं गाड्यावरून आणलेला.

सिस्टरनी माझ्याकडं बघितलं. मी काकांकडं. "काका, काही खायचं नाही म्हणालो होतो की नाही?"

"खाल्लो कुठं?" काका शांतपणे म्हणाले. "पिलो."

"नुसता चहाच ना?"

"खारी होती. पण ती चहात विरली. चावलोच नाय."

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं आणि मला स्टेटमेंट लिहायला बसवलं. इंग्रजीत. पहिला मसुदा दीड पान झाला. त्यात पहाटेचा अंधार होता, पितृप्रेमानं व्याकुळ मुलगा होता. सिस्टरनी तो न वाचता परत दिला. "पुढच्या ड्युटीवाल्याला उभ्या उभ्या वाचता आलं पाहिजे. काय झालं, किती वाजता, काय केलं. बास." शिवाय 'मी' नको, पॅसिव्ह व्हॉइसमध्ये लिही, असं कम्युनिकेटिव्ह इंग्लिशच्या तासाला शिकवलं होतं. मी सगळं गाळलं आणि एक वाक्य उरवलं : 'पेशंट वॉज ड्रंक इन वॉर्ड ॲट सिक्स ए. एम.'

भूलतज्ज्ञ मॅडम ते वाचून थेट खाटेपाशी आल्या आणि काकांचं तोंड हुंगू लागल्या. काका माळकरी. त्यांनी आधी मॅडमकडं बघितलं, मग गळ्यातल्या माळेला हात लावला, मग माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं तिचा स्कोअर सोळा आणे होता.

त्या संध्याकाळी सिस्टर स्वतः माझ्यासोबत आल्या. "आता 'कळलं का' विचारायचं नाही," त्यांनी बजावलं. "त्यांनाच सांगायला लाव." मी विचारलं, "काका, उद्या ऑपरेशनपर्यंत काय काय करायचं नाही, तुम्हीच सांगा बघू." काकांनी घसा साफ केला. भाकरी नाही, चहा नाही, खारी नाही, पाणी नाही, तंबाखू नाही, देवाचं तीर्थसुद्धा नाही. एकदम बिनचूक. मी पहिल्यांदाच गप्प राहून काहीतरी साधलं होतं.

दुसऱ्या दिवशी काका वेळेवर उपाशीपोटी ओटीत गेले. तेवढ्यात आठ नंबरला इन्सुलिन द्यायला सिस्टर सिरिंज घेऊन आल्या आणि सवयीनं विचारलं, "नाश्ता आलाय ना बाबा?"

"परत पाठवला," आठ नंबर म्हणाले. "सात नंबरवाल्यानं रात्रभर समजावलं. खायचं नाय, प्यायचं नाय, तीर्थबी नाय. लई चांगलं समजावतो बघा. या पोरासारखं नाय."

सिस्टरनी सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली, वॉर्डातल्या शिपाईमामांना नाश्ता परत आणायला पिटाळलं, आणि माझ्याकडं वळल्या.

"कागद घे," त्या म्हणाल्या. "आणि ह्यावेळी मराठीत लिही."