अठ्ठेचाळीसे

आमच्या अठ्ठेचाळीसेंना सोमवारी भेटलात तर ते तुमच्या लक्षातही राहणार नाहीत. विम्याच्या कचेरीत क्लेम तपासणारा, चाळिशी ओलांडलेला, डोंबिवलीहून रोज लोकलने जाणारा-येणारा गृहस्थ. बंपर कितपत चेपला, पावती खरी की बनावट, यावर दिवसभर शेरे मारायचे आणि येताना कोथिंबीर आणायची. पण वर्षातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमारास या माणसाच्या अंगात येतं, ते रविवारी साडेसातला उतरतं. मधल्या वेळात ते दिग्दर्शक असतात.

आडनाव अर्थातच खरं नाही. सातपुते आणि अष्टपुत्रे असू शकतात तर अठ्ठेचाळीसे का नसावेत, म्हणून टीममधल्या पोरांनीच ते ठेवलं. शिवाय हे काही एकटे नव्हेत. ठाण्यात, नाशकात, कोथरूडमध्ये, जिथे म्हणून चार पोरं आणि एक उसना कॅमेरा आहे तिथे एक अठ्ठेचाळीसे सापडतोच.

ठरावीक तासांत फिल्म करायच्या स्पर्धेचा इतिहास ते कीर्तनकाराने पूर्वरंग लावावा तसा लावतात. 2001 साली वॉशिंग्टनमध्ये मार्क रुपर्ट आणि लिझ लँग्स्टन यांनी '48 अवर फिल्म प्रोजेक्ट' सुरू केला. दोन दिवसांत फिल्म होते का, आणि झालीच तर ती बघवते का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर जगभरच्या शंभरावर शहरांनी दिलं, त्यात मुंबईही आली. दुसऱ्याबद्दल अठ्ठेचाळीसे बोलत नाहीत. 2011 साली अहमदाबादेत सुरू झालेला इंडिया फिल्म प्रोजेक्ट 50 तास देतो, त्याविषयी त्यांचं मत वाईट आहे. "दोन तास जास्त मिळाले की माणूस ऐदी होतो," असं ते म्हणतात.

अठ्ठेचाळीस तासांच्या स्पर्धेचे नियम सोपे आहेत. शुक्रवारी सगळ्या टीम एका जागी जमतात. टोपीतून चिठ्ठी काढायची, तीत फिल्मचा प्रकार येतो: विनोदी, भयपट, हेरकथा, एखाद्याच्या नशिबी संगीतिका. मग सगळ्यांना मिळून तीन गोष्टी जाहीर होतात: एक पात्र, एक वस्तू, एक वाक्य. तिन्ही फिल्ममध्ये आलीच पाहिजेत, म्हणजे कुणी गेल्या दिवाळीत केलेली फिल्म नवी म्हणून खपवू नये. लांबी 4 ते 7 मिनिटं. माणसं, कॅमेरा, जागा आधी जमवून ठेवायला मुभा आहे. पटकथेचं अक्षर किंवा शूटिंगची फ्रेम मात्र आधीची चालत नाही. आणि काम करणाऱ्या कुणालाही पैसे द्यायचे नाहीत. हा शेवटचा नियम अठ्ठेचाळीसे सर्वात काटेकोरपणे पाळतात.

ज्या वर्षी त्यांना बक्षीस मिळालं त्या वर्षीची गोष्ट सांगतो. चिठ्ठीत भयपट आला. पात्र पोस्टमन, वस्तू चहाची गाळणी, वाक्य: "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" आठच्या सुमारास मंडळी त्यांच्या घरी जमली. टू-बीएचकेच्या हॉलमध्ये सतरंजीवर दहा-बारा जण, बेडरूममध्ये झोपेचं सोंग घेतलेला मुलगा, आणि गॅलरीत पाठमोरे उभे अठ्ठेचाळीसे. "घाई करू नका. कथा आतून आली पाहिजे." ती रात्री एकपर्यंत आली नाही. या माणसाला एरवी वर्षभर कथा सुचत असतात, लोकलमध्ये शेजारच्याला ते त्या ऐकवतही असतात; पण शुक्रवारी रात्री एकच सुचते, आणि तीत नायक आधीच मेलेला असतो. सकाळी गजर होतो, माणूस उठतो, आरशात बघतो, घरात कुणी त्याच्याशी बोलत नाही, आणि शेवटी भिंतीवर त्याच्याच फोटोला हार. चिठ्ठीत विनोदी आलं तरी हीच कथा निघते. विचारलं तर उत्तर तयार: "विनोदाला कारुण्याची झालर हवी."

अशा वेळी धीर द्यायला त्यांच्याजवळ दोन आधार आहेत. एक रॉजर कॉर्मन. 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' हा 1960चा चित्रपट त्याने दोन दिवस आणि एका रात्रीत चित्रित केला, हे खरं आहे. त्याची पटकथा आधी लिहून झाली होती, तालमी झाल्या होत्या आणि सेटसुद्धा दुसऱ्या कुठल्या चित्रपटाचा उभा होता, हेही खरं आहे. पण दुसरा भाग सांगितला की अठ्ठेचाळीसे पाणी प्यायला उठतात. दुसरा आधार दादासाहेब फाळके. "फाळक्यांकडे तरी काय होतं हो? कुंडीत वाटाणा लावला आणि फिल्म केली!" केली की. 1912 साली केलेल्या 'अंकुराची वाढ'मध्ये फाळक्यांनी रोज थोडं थोडं टिपत कित्येक दिवसांची वाढ पाहता पाहता संपेल एवढ्या फिल्ममध्ये आणली. आमचे अठ्ठेचाळीसे मिनिटभराची कल्पना सात मिनिटं वाढवतात, एवढाच काय तो फरक.

दीडला वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. गाळणी कपावर धरलेली तशीच हातात. "एवढं काय त्या गाळणीचं? चहा गाळा नि मोकळे व्हा. पोस्टमनला द्या चहा." एडिटिंग करणारी मुलगी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली होती. ती म्हणाली, "काकू, चहा गाळल्यावर गाळणीत चहापत्तीबरोबर पोस्टाचं तिकीट राहिलं तर?" सगळे गप्प झाले. पोस्टमन कधीच गेलेला आहे, तरी रोज दुपारी एक म्हातारी त्याच्यासाठी चहा ठेवते, आणि रोज गाळणीत एक भिजलेलं तिकीट मिळतं. अठ्ठेचाळीसे गॅलरीतून सावकाश आत आले. "बघा," ते म्हणाले, "आली की नाही आतून?"

शनिवारी शूटिंग त्यांच्याच स्वयंपाकघरात. लोकेशन म्हणून त्यांनी यादीत 'वाडा, गूढ' असं लिहिलं होतं. मिळालं ते वाळत घातलेल्या टॉवेलांसकट तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर. आवाज घेणाऱ्या पोराने आल्या आल्या पंखा बंद केला, मग फ्रिज. फ्रिजची घरघर संवादात उतरते, ती पुढे कशानेही निघत नाही. बंद केलेला फ्रिज परत लावायचं हमखास विसरतं, म्हणून ही मंडळी स्वतःच्या गाडीची किल्ली त्यात ठेवतात. घरी जाताना किल्ली लागतेच, ती घ्यायला दार उघडलं की फ्रिज आठवतो. युक्ती नामी आहे. फक्त ती इतरांना सांगून ठेवावी लागते. या पोराने बाइकची किल्ली श्रीखंडाच्या डब्यावर ठेवली, दुपारी भूक लागली म्हणून कुणीतरी डबा काढला, आणि किल्ली डब्याबरोबर गेली ती रात्री साडेअकराला सिंकमध्ये सापडली. श्रीखंडाचं काय झालं ते विचारू नका. फिल्मच्या शेवटी 'विशेष आभार' म्हणून वहिनींचं नाव येतं, त्याचं कारण लोक कलेतलं योगदान समजतात.

पोस्टमनच्या कामाला एक जुने नाटकवाले होते. आपल्याकडे या फिल्मना नट मिळतात ते एकांकिका स्पर्धांतून आलेले. 1963पासून पुण्यात चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकात ज्याने एकदा काम केलं, तो पुढे बँकेत जावो की कारखान्यात, आवाज शेवटच्या रांगेपर्यंतच टाकतो. कॅमेरा नाकापासून हातभर अंतरावर आणि हे म्हणतायत, "हे! तुम्हाला! कुणी सांगितलं!" खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन विचारलं, काय सांगितलं? तो टेक गेला. पुढच्यात कुकरची शिट्टी. त्यापुढच्यात कांदे-बटाटेवाल्याची रेकॉर्ड, 'सौ का तीन किलो'. चौथा टेक सगळ्यात छान झाला; कॅमेरावाल्याने बटण दाबलं नव्हतं.

मला सहसा प्रेताचं काम असतं. त्या वर्षी भयपट असूनही प्रेत नव्हतं, म्हणून मी थर्माकोल धरून उभा होतो. उजेड परतवून चेहऱ्यावर टाकायचा असतो. त्या उजेडात मी अठ्ठेचाळीसेंकडे नीट पाहिलं. सोमवार ते शुक्रवार दुसऱ्याच्या बिलांवर संशय घेणारा हा माणूस म्हातारीच्या हातातल्या गाळणीकडे असा पाहत होता की जणू त्यातून पुढचं आयुष्य गळणार आहे. ते 'कट' म्हणायला विसरले. बाई चहा गाळतच राहिल्या, ओट्यावर चहा सांडला, आणि तोच शॉट फिल्ममध्ये राहिला.

रविवार हा एडिटरचा. अठ्ठेचाळीसे तिच्या मागे खुर्ची टाकून बसतात आणि "हे जरा सोड, श्वास घेऊ दे" म्हणतात. तिने सगळे श्वास कापले म्हणून फिल्म सात मिनिटांत बसली. श्रेयनामावलीला वेगळं एक मिनिट मिळतं, ते यांना कधीच पुरत नाही. कथा, पटकथा, संवाद, संकल्पना आणि दिग्दर्शन या पाच पाट्यांवर एकच नाव असतं, आणि ते दर वेळी पूर्ण वाचता येईल इतका वेळ थांबतं.

मग पोचवणं. मुंबईबाहेरच्याला इथे जी गंमत कळणार नाही ती ही, की मुदत संपते रविवारी आणि लोकलचा मेगाब्लॉकही रविवारीच असतो. एका वर्षी हे लॅपटॉप उघडा धरून स्लो लोकलमध्ये चढले, एक्सपोर्ट चालू, 60 टक्के, 70 टक्के, आणि ब्लॉकने गाड्यांचं सगळं वेळापत्रक कोलमडलेलं. 97 टक्क्यांवर बॅटरी गेली. उशिरा आलेली फिल्मही पडद्यावर दाखवतात, पण परीक्षकांच्या मुख्य बक्षिसांतून ती बाद होते. त्या वर्षीची आपली फिल्म जिंकलीच असती, असं ते आजही सांगतात. बाद झालेल्या फिल्मचा हा मोठाच फायदा.

गाळणीची फिल्म वेळेत पोचली. प्रीमियरला अठ्ठेचाळीसेंनी सोसायटीतून एक टेम्पो ट्रॅव्हलर भरून माणसं आणली. प्रेक्षकांच्या पसंतीचंही बक्षीस असतं, त्याला चिठ्ठ्यांवर मतदान होतं. त्यामुळे थिएटरात प्रत्येक टीमचा आपापला गोतावळा बसतो आणि टाळ्या त्या त्या रांगेतूनच येतात. दुसऱ्याची फिल्म चालू झाली की लोक समोसे आणायला जातात. त्यांच्या सासूबाई दोन आसनं पलीकडे बसलेल्या अनोळखी मुलीला सांगत होत्या, "ते स्वयंपाकघर आहे ना, ते माझ्या लेकीचं."

परीक्षकांचं गणित निराळं: कलात्मकतेला 45 टक्के, तांत्रिक बाजूला 30, दिलेल्या अटी पाळण्याला 25. अठ्ठेचाळीसेंनी कागदावर मांडलं होतं की शेवटचे 25 आपले पक्के, तांत्रिकचे निम्मे मिळतील, आणि कलेचे 45 परीक्षकांना समज असेल तर. परीक्षकांना समज नसल्याचं सिद्ध झालं. सर्वोत्कृष्ट फिल्म दुसरी ठरली. शहरातून पहिली आलेली फिल्म फिल्मापलूझा या महोत्सवाला जाते आणि तिथल्या निवडक काही कान चित्रपट महोत्सवात दाखवतात, म्हणून पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला होता, तो नंतर तसाच मिळाला. पण या स्पर्धेत दिलेलं पात्र, वस्तू आणि वाक्य कुणी सर्वांत चांगलं वापरलं यालाही बक्षिसं असतात, आणि त्यातलं वस्तूचं यांना मिळालं. गाळणीसाठी.

मंचावर जाऊन त्यांनी चार मिनिटांचं भाषण केलं. फाळके आले, कॉर्मन आला, आतून आलेली कथा आली. गाळणी कुणाची आणि तिकीट कुणाला सुचलं हे आलं नाही. वहिनी मागच्या रांगेत शेजारणीला म्हणाल्या, "ती गाळणी अजून यांनी परत दिलेली नाही." ट्रॉफी शोकेसमध्ये आहे. शेजारी गाळणी आहे. चहा हल्ली फडक्याने गाळतात.

हरल्याचं दुःख त्यांना फार होत नाही, कारण 'अठ्ठेचाळीस तासांत आणखी काय होणार?' हे उत्तर खिशात असतं. 2022 साली पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी एकही एकांकिका लायक नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा सगळ्या नाटकवाल्यांची झोप उडाली होती. यांना बरं वाटलं. "आपल्याला मिळालं नाही हे ठीक. तिथे तर कुणालाच नाही."

मी त्यांना एकदा विचारलं, सवडीने, सहा महिने घेऊन एखादी फिल्म का करत नाही? ते बराच वेळ माझ्याकडे, खोटी पावती लावली असावी तसे बघत राहिले. त्यांच्याकडे सवडीने करायच्या फिल्मची एक वही आहे, तिच्यात कॉलेजपासूनच्या एकोणीस कथा आहेत आणि एकीचंही शूटिंग झालेलं नाही. टोपीतल्या चिठ्ठ्यांच्या मात्र दरवर्षी झाल्या, बऱ्या-वाईट, पण सात मिनिटांच्या, आवाजासकट. माझं मत विचाराल तर चांगला दिग्दर्शक ते नव्हेत, होणारही नाहीत. पण ती एडिटर मुलगी आज मालिकांच्या एडिट रूममध्ये पगारावर आहे, आणि किल्ली हरवलेला पोरगा सेटवर आवाज घेतो. दोघांनी पहिली पूर्ण झालेली फिल्म पाहिली ती याच माणसाच्या हॉलमध्ये, सतरंजीवर.

तेव्हा तुमच्या ओळखीच्या अठ्ठेचाळीसेचा शुक्रवारी फोन आला तर उचला. कथा ऐकायला मात्र जाऊ नका, रविवारी दुपारी चार्जर आणि चारचाकी घेऊन जा, आणि पाचच्या आत त्यांना घराबाहेर काढा.