खेचेल की!

डॅलसच्या उपनगरांत पंधरा-वीस वर्षं काढलेल्या मराठी माणसाला दोनपैकी एक गोष्ट होतेच: गुडघेदुखी किंवा पिकअप ट्रक. भाऊंना दोन्ही झालं आहे. गुडघ्यामुळे ट्रकात चढवत नाही आणि हौसेमुळे उतरवत नाही.

असे भाऊ प्रत्येक मंडळात असतात. गणपतीचं मखर, ढोल, केटररच्या पराती, कुणी रस्त्याकडेला सोडून दिलेला सोफा, सगळं न मागता त्यांच्या ट्रकात जातं. आता मागे कॅम्पर आला. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं वन बीएचके. सामान भरल्यावर 9,000 पौंड, म्हणजे चार टनांच्या वर. "भाऊ, झेपेल ना?" असं विचारलं की ते कीव आल्यासारखं हसतात. "अहो, खेचेल की! कंपनीच 13,000 सांगते."

तरीही शंका काढलीत तर मोबाइल निघतो. ऑक्टोबर 2012, लॉस एंजेलिस: टोयोटाचा टंड्रा चक्क एन्डेव्हर हे अंतराळयान 405 महामार्गावरच्या पुलावरून ओढून नेतोय. सव्वाशे टनांहून जड! यानाचा भार खास बनवलेल्या चाकांच्या गाड्यावर होता, ट्रकच्या पाठीवर नव्हे, आणि शेजारून चालणारा माणूस पुढे निघून जाईल इतकाच वेग होता, हे मी एकदा बोलून गेलो. "तू सॉफ्टवेअरवाला, तुला काय कळणार," भाऊ म्हणाले. भाऊ स्वतः डेटाबेस सांभाळतात.

जाहिरातीतला आकडा खोटा असतो असं नाही. त्यासाठी एसएई जे2807 नावाची रीतसर कसोटी आहे. त्यात अॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा लांबलचक चढ एसी पूर्ण चालू ठेवून ओझ्यासकट चढून दाखवावा लागतो. फक्त त्या हिशेबात ट्रकमध्ये माणसं दोनच धरतात, प्रत्येकी 150 पौंडांची. भाऊ एकटे 220.

खरा आकडा वेगळाच असतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळी-पांढरी चिठ्ठी असते. भाऊंचा गुडघा रोज तिला घासून जातो. ती वाचली वहिनींनी. माणसं आणि सामान मिळून 1,500 पौंड, वर एक नाही. मग त्यांनी वाणसामानाच्या यादीमागे हिशेब मांडला. कॅम्परच्या वजनातले शेकडा दहा ते पंधरा कॅम्पर जोडायच्या हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रकच्याच पाठीवर बसतात. बाराच धरले तरी 1,080. "राहिले 420. तुमचे 220 गेले, माझे किती ते विचारू नका. उरले पन्नास. त्यात आबा, पोरगी आणि कुकर बसवा."

भाऊंनी पाच मिनिटं डोकं खाजवलं आणि तोडगा काढला. बॉलवर वजन पडतंय ना? मग जड सामान कॅम्परच्या पार मागे टाकायचं! पाण्याचे कॅन, गॅसची शेगडी, तांदळाची पोती, सगळं शेपटाला गेलं.

आबा साताऱ्याकडचे, सुट्टीला आलेले. उभी हयात बैलगाडी हाकलेली. कॅम्परला एक फेरी मारून म्हणाले, "लेका, उलाळ झालीया. वझं फुडं घे."

"आबा, ही बैलगाडी नाही हो."

"बैलास्नी तरी कळतं," आबा म्हणाले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

कोलोरॅडोला निघालेल्या त्या वरातीने विचिटा फॉल्सच्या पुढे, 287 वर, शेपूट हलवायला सुरुवात केली. आधी लाडात, मग जोरात. बॉलवर पुरेसा दाब नसला की असंच होतं. अशा वेळी ब्रेक दाबायचा नसतो. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि कॅम्परच्या ब्रेकचा हाताने दाबायचा छोटा खटका हळूच दाबायचा. भाऊंचा पाय ब्रेककडे जाणार एवढ्यात वहिनींनी "पाय काढा!" म्हणून आडवा हात घातला आणि खटका दाबला. मॅन्युअलही त्यांनीच वाचलं होतं.

रस्त्याकडेला तासभर सामान पुढे सरकवणं चाललं. शेजारून जाणारे ट्रेलरवाले सहानुभूतीने हात करत होते. भाऊ ते कौतुक समजून परत हात करत होते. वझं पुढे आलं तसं कॅम्पर शहाण्यासारखा चालू लागला, पण ट्रकचं ढुंगण खाली बसलं आणि हेडलाइट आकाशाकडे बघू लागले.

पुढच्या ट्रक स्टॉपवर काटा होता. वहिनींनी हुकूम सोडला: वजन करायचं. काट्यावरून पुढच्या आसाचं, मागच्या आसाचं आणि कॅम्परचं वेगवेगळं वजन छापून येतं. मागच्या आसाचा आकडा पाहून भाऊंनी पावती नीट चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवली. सहलीचा मुक्काम तिथल्या जवळच्याच तळ्याकाठी झाला. कोलोरॅडोचे डोंगर मोबाइलवर पाहिले.

घरी आल्यावर महिनाभर भाऊ गप्प होते. मग एका शनिवारी दारात नवा ट्रक उभा राहिला, एक टनी, मागे दोन्हीकडे जोडचाकं. चिठ्ठीवरचा आकडा मोठा. वहिनींनी तो दोनदा वाचला आणि हिशेब मांडून पाहिला. आबा, पोरगी, कुकर, सगळं बसत होतं. त्यांनी चहा टाकला.

भाऊ अंगणात कमरेवर हात ठेवून एकदा ट्रककडे, एकदा कॅम्परकडे पाहत होते.

"अगं," त्यांनी आत हाक मारली, "याच्यामागे हा कॅम्पर अगदीच लहान दिसतो, नाही?"