एक्स्ट्रा गादी

शिर्डीत ज्याच्या मालकीच्या बारा खोल्या आहेत, तो माणूस जगात कुठेही गेला तरी पाहुणा होऊ शकत नाही. आमचे लॉजवाले तात्या हा याचा चालताबोलता पुरावा. त्यांना लग्नाला बोलवा. ते आधी उतरायच्या खोलीतली गादी दाबून बघतील, नळ सोडून गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते घड्याळात मोजतील आणि मग मुलीच्या बापाला बाजूला घेऊन विचारतील, "रूमला किती लावले?" आकडा कितीही असो, शेरा ठरलेला : "सीझनला ठीक आहे."

तात्यांच्या पंचांगात ऋतू चारच. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा आणि ३१ डिसेंबर. उरलेलं वर्ष ऑफ सीझन. अशाच एका ऑफ सीझनमध्ये काकूंनी त्यांना जपानला न्यायचं ठरवलं. शिर्डी, राहाता, कोपरगाव मिळून एकतीस माणसं, सोबत टूर कंपनीचा एक तरतरीत मुलगा आणि माणशी दोन किलो चिवडा. मी आणि सौ. त्यातच होतो. काकडीला २०१७ साली विमानतळ झाला, पण तिथून टोकियोचं विमान नाही म्हणून मुंबई गाठावी लागते, या अन्यायाबद्दल तात्या इगतपुरी येईपर्यंत बोलत होते.

टोकियोत पहिलं देऊळ आसाकुसाचं, सेन्सोजी. सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात काननची मूर्ती आली, तो सन ६२८, अशी तिथली कथा. तात्यांचं लक्ष कथेकडे नव्हतं. देवळापर्यंतच्या गल्लीत दोन्ही बाजूंना दुकानं, खेळणी, पंखे, गोड वड्या; म्हणजे आपला पालखी रोडच, फक्त झाडलेला. पण तात्या अस्वस्थ. बसमधून उतरलेल्या भाविकाला गोड बोलून दुकानात किंवा लॉजवर नेणाऱ्याला आमच्याकडे पॉलिशवाला म्हणतात. इथे गल्ली संपली तरी कुणी त्यांची बाही ओढली नव्हती.

"मास्तर, यांना धंदा करायचाय का नाही?"

देवळापुढे मोठं धूपपात्र आहे. त्याचा धूर लोक ओंजळीनं अंगावर घेतात. जिथे दुखतं तिथे चोळतात. तात्यांनी गुडघ्यांना धूर दिला, काकूंच्या खांद्याला दिला आणि मग खिशातून कागदाचा कपटा काढून आत हात घातला. धूर आहे म्हणजे राख आहे, आणि राख आहे म्हणजे उदी आहे. पहारेकऱ्यानं त्यांना फार अदबीनं बाजूला केलं. तोवर पुडी बांधून झाली होती.

दुपारी एका छोट्या दुकानात जाड शेवयांचा रस्सा खाल्ला. (त्या रश्श्यात माशाचं पाणी असतं हे तात्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. गुरुवार होता.) निघताना तात्यांनी दिलदारपणे पाचशे येनचं नाणं टेबलावर ठेवलं. आम्ही बसमध्ये चढतो तोच दुकानातला पोरगा धावत आला. "बघा, कमी पडले," तात्या म्हणाले आणि खिडकीची काच लावून घेतली. पोरगा दारातून आत आला, दोन्ही हातांनी नाणं पुढे केलं, वाकला आणि पळाला. तात्या हाकोनेपर्यंत ते नाणं उलटसुलट करून बघत होते. त्यांना वाटलं, खोटं निघालं.

हाकोनेला मुक्काम होता तो रयोकानमध्ये. रयोकान म्हणजे जुन्या पद्धतीची जपानी धर्मशाळा म्हणा. दर मात्र धर्माचा नाही. जाताना टूरच्या मुलानं माइकवरून सांगितलं, जपानी आतिथ्याला ओमोतेनाशी म्हणतात. ऑलिंपिक टोकियोला मिळावं म्हणून २०१३ मध्ये जे भाषण झालं, त्यात एका बाईंनी हा शब्द अक्षर अक्षर सुटं करून उच्चारला होता. पाहुण्याला काय हवं ते त्यानं मागायच्या आत ओळखायचं आणि बदल्यात कशाची अपेक्षा धरायची नाही. तात्यांनी यातला पहिला अर्धा भाग वहीत लिहून घेतला. मथळा दिला : "ओ मोठे नाशिक".

दारात किमोनो नेसलेल्या चार बायका वाकून उभ्या. त्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईंनी तात्यांच्या बॅगेला हात घातला आणि तात्यांच्या अंगातला धंदा उसळून आला. स्टँडवर ज्यानं बॅग धरली त्याची रूम, हा आमच्याकडचा पहिला कायदा. "नाही नाही, आमचं बुकिंग आहे!" असं ओरडत त्यांनी बॅग ओढली. बाई हसत ओढत होत्या, तात्या घामाघूम होऊन ओढत होते. शेवटी काकू म्हणाल्या, "सोडा! माणसं बघतायत."

मग जोडे. उंबऱ्याशी जोडे काढून द्यायचे, ते लोक ठेवतात. तात्यांनी मला कोपर मारलं. "फुकट सांभाळतायत म्हणजे पुढं हार-प्रसादाचं ताट गळ्यात मारणार." शिर्डीत चपला जिथे ठेवल्या तिथलंच ताट घ्यावं लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दोन दुकानं त्यांच्या मेव्हण्याची आहेत. त्यांनी बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खोलीत नेले.

गरम झऱ्याच्या सामुदायिक स्नानाबद्दल काही लिहायचं नाही असं आम्हा पुरुषांचं ठरलंय. पट्ट्यापट्ट्याची चड्डी एवढंच सांगतो.

चहाचा सोहळा मात्र सांगायला हवा. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू नावाच्या गुरूनं त्याला जे वळण लावलं, ते आजही पाळतात. आधी गोड वडी खायची, मग वाडगा तळव्यावर घेऊन किंचित फिरवायचा, म्हणजे त्याची दर्शनी बाजू आपल्या ओठांना लागत नाही, आणि मग तो हिरवा, कडू चहा प्यायचा. वीस मिनिटं कुणी बोललं नाही. तात्यांनी वाडगा फिरवला, परत फिरवला, तळ बघितला आणि माझ्या कानात म्हणाले, "एवढ्या वेळात आपला पोऱ्या शंभर कप काढतो."

खरा धक्का रात्री बसला. जेवून परतलो तर तात्या माझ्या दारात. "मास्तर, आपल्या माघारी कोणीतरी खोलीत येऊन गेलंय." बुटकं टेबल कोपऱ्यात सरकलं होतं आणि जमिनीवर दोन गाद्या घातलेल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, सुरकुती नाही. तात्यांनी गुडघ्यावर बसून गादी दाबली, पालथी घालून शिवण पाहिली, चादरीचा कोपरा हुंगला.

"माणशी पंधरा हजार घेतात आणि खाली झोपवतात. एक्स्ट्रा गादीचे आपण दोनशे लावतो. इथं तर सगळी एक्स्ट्रा गादीच!" जरा वेळानं हलक्या आवाजात : "कापूस चांगला आहे पण."

पहाटे मला जाग आली. तात्या खाली उंबऱ्याशी उभे होते. जन्मभर काकड आरतीच्या आधी गाड्या उतरवून घेतलेल्या माणसाला झोप लागणार कशी? ती म्हातारी बाई फडताळातून जोडे काढून ओळीनं मांडत होती, टाचा घराकडे, चवडे रस्त्याकडे. नुसता पाय घातला की चालू लागावं. तीस जोड झाले. एकतिसाव्याची जागा तिनं मोकळी सोडली आणि त्या जागेकडे बघत राहिली. तात्या वर गेले, पिशवी आणली, आपले बूट मोकळ्या जागेत ठेवले. ठेवले उलटेच. बाईंनी ते सरळ केले.

निघताना सगळ्या जणी बाहेर आल्या आणि हात हलवत उभ्या राहिल्या. बस वळणाला लागली तरी उभ्याच. तात्या मागच्या काचेशी.

"मास्तर, बिल भरलेलं आहे ना?"

"चार महिन्यांपूर्वीच."

"मग अजून कशाला थांबल्यात?"

परत आल्यावर तात्यांनी लॉजमधली 'खोलीत कपडे धुऊ नयेत' ही पाटी उतरवली. गिऱ्हाइकाला दारातच ओला गरम रुमाल देऊ लागले. सोलापूरच्या एका गृहस्थांनी त्यानं आधी पोराचं नाक आणि मग सँडल पुसून तो परत केला. तात्या कमरेत वाकून स्वागत करू लागले, तर दोन कुटुंबं उंबऱ्यावरूनच माघारी गेली. इतका वाकतोय म्हणजे नक्की पॉलिशवाला.

पण तात्या हट्टी. गेल्या महिन्यात सिकंदराबादची एक टेम्पो ट्रॅव्हलर निघाली, तेव्हा मी समोरच उभा होतो. तात्या, काकू आणि दोन्ही पोऱ्ये गल्लीत ओळीनं उभे राहिले आणि हात हलवू लागले. गाडी कोपऱ्यावर पोचली, थांबली आणि रिव्हर्स घेत मागे आली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"क्या हुआ सेठ? कुछ बाकी है?"

"कुछ नहीं, आप जाव," तात्या वाकून म्हणाले.

आत तेलुगूत खलबत झालं. शेवटी एका आजीबाईंनी कनवटीची शंभराची नोट काढली, खिडकीतून तात्यांच्या हातात कोंबली आणि ड्रायव्हरला "चल" अशी खूण केली. तात्या नोट दोन्ही हातांत धरून अनवाणी पालखी रोडपर्यंत धावले. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि गाडी आणखी जोरात सोडली.