उणे चाळीस टक्के

सर्व्हरची मेमरी मोजणारी ती स्क्रिप्ट माझी. जेमतेम पानभर, पण मला तिचा जेवढा अभिमान होता तेवढा माझ्या बारावीच्या मार्कांचाही नव्हता. (ते मार्क ज्यांनी पाहिलेत त्यांना यात काही विशेष वाटणार नाही.)

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात भिंतीवर एक मोठा पडदा आहे. त्यावर परदेशातल्या एका क्लायंटच्या सर्व्हरची नावं आणि प्रत्येकापुढे एक चौकोन, हिरवा, पिवळा किंवा लाल. मागे नागिओस नावाचं सॉफ्टवेअर बसलेलं असतं. ते दर पाच मिनिटांनी माझ्या स्क्रिप्टला विचारतं, कसं काय? स्क्रिप्टने उत्तर एका आकड्यात द्यायचं. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे सावध व्हा, २ म्हणजे धावा. ३ म्हणजे ‘सांगता येत नाही’. या चारांतला हा ३ मी आयुष्यात कधी वापरला नाही, ना स्क्रिप्टमध्ये, ना मीटिंगमध्ये.

स्क्रिप्टचा पहिला अवतार अगदी भोळा होता. लिनक्सवर ‘फ्री’ अशी कमांड दिली की मेमरीचा ताळेबंद येतो. एकूण किती, वापरलेली किती, मोकळी किती. मी ‘वापरलेली’चा रकाना उचलला आणि ८० टक्क्यांच्या वर गेली की बोंब मारायची सोय केली. बोंब रोज रात्री दोनला उठायची. मी डोळे चोळत लॅपटॉप उघडायचो, ६४ जीबीच्या सर्व्हरवर ९७ टक्के वापर पाहायचो आणि सर्व्हर रीस्टार्ट करायचो. आकडा १० वर यायचा आणि मी शांत झोपायचो. सकाळी जावावाल्यांना मेल, की तुमचं ॲप्लिकेशन मेमरी गळतंय. जावावाल्या टीमला जगभर सगळे हेच म्हणतात, त्यामुळे त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही.

शेवटी क्लायंटला पटवून, मंजुऱ्यांची साखळी पार करून, रॅम दुप्पट करून घेतली. १२८ जीबी. दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहापर्यंत वापर ९७ टक्के.

झालं होतं असं. लिनक्सला रिकामी मेमरी बघवत नाही. डिस्कवरून वाचलेली प्रत्येक फाइल ते मोकळ्या जागेत ठेवून देतं, पुन्हा लागली तर डिस्कपर्यंत हेलपाटा नको म्हणून. रात्री दोनला बॅकअप सुरू व्हायचा, म्हणजे जगातल्या सगळ्या फाइली एकदम वाचल्या जायच्या. एसटीत शेजारच्या रिकाम्या सीटवर आपण पिशवी ठेवतो, तसं हे. कोणी उभा राहिला की पिशवी मांडीवर येते, तक्रार नाही. मी मात्र पिशव्यांनाही प्रवासी धरून ‘गाडी फुल्ल’ असं ओरडत होतो, आणि गाडी फुल्ल म्हणून मोठी गाडी मागवली होती.

हे समजायच्या आधी मी आणखी एक शौर्य गाजवलं. लिनक्समध्ये ‘ड्रॉप-कॅशेस’ नावाच्या फाइलीत ३ हा आकडा लिहिला की ही साठवण एका फटक्यात रिकामी होते. मी ते दर तासाला आपोआप व्हावं अशी क्रॉनमध्ये नोंद केली. आलेख करवतीच्या दात्यांसारखा देखणा झाला. फक्त दर तासाच्या ठोक्याला डेटाबेस गोगलगाय व्हायचा, कारण नुकतंच फेकलेलं सगळं त्याला डिस्कवरून पुन्हा वाचावं लागायचं. ती तक्रार मी नेटवर्कवाल्यांकडे पाठवली.

मग कधीतरी शहाणपण आलं. मोकळी, बफर आणि कॅश या तिन्हींची बेरीज म्हणजे खरी उपलब्ध जागा, ती एकुणातून वजा करायची. मी ऑक या कमांडच्या एका ओळीत ‘फ्री’चा चौथा, सहावा आणि सातवा रकाना जोडला. रात्रीची बोंब थांबली. यावर मी जेवणाच्या सुट्टीत टीमला व्याख्यानही दिलं. गर्दी होती. समोसे होते.

आमच्या सर्व्हरवरच्या लिनक्सचा, म्हणजे सेंटओएस ६ चा, आधार ३० नोव्हेंबर २०२० ला संपला. आम्ही धावतपळत ७ वर गेलो, माझी स्क्रिप्ट जशीच्या तशी सोबत नेली. आणि चमत्कार झाला. सगळ्या सर्व्हरची मेमरी हिरवी. आलेखाची रेघ तळाला चिकटून सरळ. मॅनेजरने विचारलं, काय केलंस? मी म्हणालो, थोडं ट्यूनिंग. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये ‘मेमरी वापरात लक्षणीय घट’ हे वाक्य मीच लिहिलं आणि त्यावर बढतीही मिळाली.

एका रात्री मुख्य डेटाबेस, पोस्टग्रेस, पडला. कॉलवर तीन देशांतली माणसं. मी ठणकावून सांगितलं, मेमरीचा प्रश्नच नाही, पडदा बघा, हिरवागार आहे. टीममधली सगळ्यांत धाकटी मुलगी, नोकरीला लागून वर्षही न झालेली, हळूच म्हणाली, “सर, लिनक्स कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ आहे. कर्नलनेच पोस्टग्रेसला मारलंय.” मी म्हणालो, लॉग कधीकधी दिशाभूल करतात.

सकाळी ती माझ्या टेबलाशी आली. “सर, आलेखाची खालची मर्यादा शून्य आहे. ती मी काढून पाहिली. डेटाबेस परत सुरू झालाय, आणि वापर उणे चाळीस टक्के दिसतोय. उणे मेमरी म्हणजे काय?”

आता अनुभवी माणसाने इथे काय करावं? मी खुर्ची मागे रेलून तिला ३२ बिटांच्या आकड्यांची कहाणी ऐकवली. २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेलं की आकडा उलटून उणे कसा होतो, हे फळ्यावर काढून दाखवलं. मग व्हर्च्युअल मशीनचा संशय, मग कर्नलमधला बग. तिने सगळं लिहून घेतलं. मग वहीचं दुसरं पान उघडलं. त्यावर जुन्या आणि नव्या ‘फ्री’ची उत्तरं एकाखाली एक होती.

रकाने बदलले होते. पूर्वी सहावा बफरचा आणि सातवा कॅशचा. नव्या ‘फ्री’त ते दोन्ही सहाव्यात एकत्र, आणि सातव्यात ‘उपलब्ध’, म्हणजे ज्यात मोकळी आणि सोडता येण्याजोगी कॅश आधीच धरलेली आहे. मी तीच जागा दोनदा मोजत होतो. एकूण १२५ जीबी, मोकळी ९, बफर-कॅश ९५, उपलब्ध ७१. माझ्या हिशेबी वापर १२५ वजा १७५, म्हणजे उणे ५०. टक्क्यांत उणे ४०. आणि उणे ४० हे ८० पेक्षा कमीच, म्हणून स्क्रिप्टचं उत्तर ०, चौकोन हिरवा.

“मग सातवा रकाना काढून टाक,” मी उदारपणे म्हणालो. “जुनं सूत्र बरोबरच होतं.”

“तेही नव्हतं, सर.”

पोस्टग्रेसला स्वतःची सामायिक मेमरी लागते. त्याची कागदपत्रं सुरुवातीला एकूण रॅमच्या २५ टक्के द्या म्हणतात, आम्ही ३२ जीबी दिली होती. ही मेमरी लिनक्स कॅशच्या खात्यात मांडतं, पण मागितली म्हणून सोडत नाही. ही पिशवी नव्हे, हा खिडकीतून टाकलेला रुमाल. त्यावरून एसटीत मारामाऱ्या होतात, सीट सुटत नाही. मी रुमालही मोकळ्या सीटांत धरत आलो होतो. तिने वहीत शेवटची वजाबाकी केली. सर्व्हरवर एक थेंबही मेमरी उरली नाही, तरी माझं जुनं सूत्र १२५ वजा ३२, म्हणजे ९३ जीबी वापर दाखवणार. ७४ टक्के. गजर ८० ला. म्हणजे ज्या सूत्रावर मी समोशांसकट व्याख्यान दिलं होतं, त्याला त्या सर्व्हरवर वाजणंच शक्य नव्हतं.

कर्नलने हा हिशेब २०१४ सालीच, ३.१४ या आवृत्तीत, आपल्याकडे घेतला होता. ‘मेमअव्हेलेबल’ नावाची एक ओळ, रिक व्हॅन रील यांनी घातलेली. लोक मोकळी अधिक कॅश अशी बेरीज करतात आणि ती हमखास चुकते, असं कारणही त्यांनी त्या बदलासोबत लिहून ठेवलं आहे. मी ते तेव्हा वाचलं नव्हतं. बेरीज करण्यात गुंतलो होतो.

तिने माझी स्क्रिप्ट पुसून त्या एका ओळीवर चालणारी नवी लिहिली. वापर ४३ टक्के दाखवू लागला, जो खरा होता. क्रॉनमधली ती तासाची नोंदही सापडली, नव्या सर्व्हरवर माझ्या स्क्रिप्टसोबतच कॉपी झालेली.

काल क्लायंटकडून मेल आला. तुमच्या परवाच्या बदलानंतर मेमरीचा वापर ८३ टक्क्यांनी वाढल्याचं दिसतं, तरी पूर्वीच्या तज्ज्ञाने केलेलं ट्यूनिंग तातडीने परत लागू करावं. मॅनेजरने तो मेल मला पुढे पाठवलाय. वर फक्त एक प्रश्नचिन्ह आहे.