मुदत फक्त तीन महिने

सायप्रसमधले ग्रीक आणि तुर्क एकमेकांच्या जिवावर उठलेत, तेव्हा मधे उभं राहायला शांतिसेना पाठवावी, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ४ मार्च १९६४ ला केला. मुदत तीन महिने. ती सेना अजून तिथेच आहे. आधी तीन-तीन, मग सहा-सहा महिन्यांची मुदतवाढ मिळत गेली. २०२३ पासून परिषद एकदम वर्षाची मुदत देऊ लागली. एकाच कामासाठी वर्षातून दोनदा हात वर करायचा तरी कशाला?

मुंबईत संक्रमण शिबिरात जन्मलेली, तिथेच बोहल्यावर चढलेली आणि आता तिथेच नातवंडं खेळवणारी माणसं आहेत. त्यांना सायप्रस दोन मिनिटांत कळेल. बाकीच्यांसाठी थोडी पूर्वपीठिका.

१५७१ मध्ये हे बेट ऑटोमनांनी व्हेनिसकडून जिंकलं. १८७८ मध्ये इंग्रजांनी ते सुलतानाकडून चालवायला घेतलं आणि पहिलं महायुद्ध लागताच खिशात घातलं. १९५५ नंतर तिथे बंदुका चालू लागल्या. बहुसंख्य ग्रीकांना ग्रीसमध्ये विलीन व्हायचं होतं आणि अल्पसंख्य तुर्कांना फाळणी हवी होती. स्वतंत्र सायप्रस मागणारे फारच थोडे, म्हणून १९६० मध्ये सगळ्यांना नेमकं तेच मिळालं. राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपराष्ट्राध्यक्ष तुर्क, महत्त्वाच्या बाबतींत दोघांनाही नकाराधिकार, सरकारी नोकऱ्या सत्तर-तीस. तीन वर्षांत गाडं रुतलं. राष्ट्राध्यक्ष मकारिओस (हे ऑर्थोडॉक्स चर्चचे आर्चबिशपही, म्हणजे धर्मपीठ आणि राजपीठ एकाच झग्यात) यांनी तेरा घटनादुरुस्त्या मांडल्या आणि डिसेंबर १९६३ मध्ये राजधानी निकोसियात रक्तपात झाला. मेजर जनरल पीटर यंग या इंग्रज अधिकाऱ्याने नकाशा पुढे घेऊन शहरातून एक रेघ ओढली. पेन्सिल हिरवी होती, म्हणून ती ‘ग्रीन लाइन’. आपल्याकडे रॅडक्लिफसाहेबांना निदान पाच आठवडे तरी मिळाले होते.

या नवजात देशाला तीन जामीनदार होते. स्वातंत्र्याची हमी घेतली होती ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी. पैकी ब्रिटनने दोन लष्करी तळ आपल्याकडेच ठेवले. बेटाची सुमारे तीन टक्के जमीन, आणि तीही भाड्याने नव्हे, सार्वभौम हक्काने. ग्रीसच्या लष्करशहांनी १५ जुलै १९७४ ला मकारिओसविरुद्ध बंड घडवून आणलं आणि निकोस सॅम्पसन नावाच्या बंदूकबाजाला गादीवर बसवलं. तो आठ दिवस टिकला. पाचव्याच दिवशी तुर्कस्तानने सैन्य उतरवलं. या मोहिमेला तुर्कस्तानात ‘शांतता मोहीम’ म्हणतात. ऑगस्टपर्यंत बेटाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग तुर्की सैन्याकडे होता. दीड लाखाहून अधिक ग्रीक घरं सोडून दक्षिणेला आले, चाळीस-पन्नास हजार तुर्क उत्तरेला गेले. हमी घेणाऱ्यांनी आपापल्या परीने एवढं केल्यावर हमी न घेणाऱ्यांना करायला काही उरलं नाही.

तेव्हापासून सगळं तात्पुरतं चालू आहे. हिरवी रेघ आता १८० किलोमीटरचा पट्टा झाली आहे. कुठे ती काही मीटर रुंद, तर कुठे सात किलोमीटरच्या वर. त्या पट्ट्यात निकोसियाचा जुना विमानतळ पडून आहे आणि त्यावर सायप्रस एअरवेजचं एक ट्रायडंट विमान पन्नास वर्षं सुटण्याच्या प्रतीक्षेत आहे. दक्षिणेतल्या प्रजासत्ताकाच्या संसदेत ८० जागा आहेत आणि त्यांतल्या २४ तुर्कांसाठी राखीव. त्या रिकाम्या असतात. उपराष्ट्राध्यक्षाचं पदही तसंच रिकामं. राखीव जागांचा अनुशेष इतक्या निगुतीने जपणारं दुसरं सरकार शोधून सापडायचं नाही.

उत्तरेत १९८३ मध्ये वेगळं प्रजासत्ताक जाहीर झालं. त्याला जगात फक्त तुर्कस्तान मान्यता देतं. तिथे पत्र पाठवायचं तर पत्त्यात ‘मेर्सिन १०, तुर्कस्तान’ लिहावं लागतं, नाहीतर ते पोचत नाही. तिथल्या पेंटाडाक्टिलोस डोंगराच्या उतारावर या न मानलेल्या देशाचा झेंडा रंगवलाय. तो एवढा अवाढव्य, की दक्षिण निकोसियात गच्चीवर कपडे वाळत घालताना समोर तोच. रात्री तो दिव्यांनी उजळतो, म्हणजे अंधाराचीही सोय नाही.

आणि झेंड्यांवर एवढा जीव टाकणाऱ्या या बेटाला स्वतःचं राष्ट्रगीत नाही. दक्षिणेत ग्रीसचं वाजतं, उत्तरेत तुर्कस्तानचं. १९६० च्या मूळ झेंड्यावर निळा-लाल रंग नको, क्रॉस-चंद्रकोर नको, असं ठरलं होतं. म्हणून त्यावर नुसता बेटाचा तांबूस नकाशा आणि खाली ऑलिव्हच्या डहाळ्या. त्याचा आराखडा केला एका तुर्क चित्रकला शिक्षकाने. आज तो झेंडा दक्षिणेतल्या सरकारी इमारतींवर फडकतो, शेजारी ग्रीसचा.

२०१६ च्या हिवाळ्यात तर कहर झाला. तुर्कस्तानने घड्याळं मागे घ्यायची नाहीत असं ठरवलं आणि उत्तरेने री ओढली. निकोसियाच्या लेड्रा स्ट्रीटवर कपड्यांच्या दुकानांमधून सरळ चालत जायचं, खिडकीत ओळखपत्र दाखवायचं, संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातला काही पावलांचा मोकळा तुकडा ओलांडायचा, पुढच्या खिडकीत पुन्हा तेच ओळखपत्र दाखवायचं, आणि तास पुढे गेलेला. पुढच्या वर्षी उत्तर मुकाट्याने जुन्या वेळेवर आली.

मग ही माणसं एकत्र काहीच करत नाहीत का? करतात. मैला वाहून नेतात. निकोसियाच्या गटारांचं काम १९७४ च्या आधीच सुरू झालं होतं आणि उतार दक्षिणेकडून उत्तरेकडे. शहराचे तुकडे झाल्यावर दक्षिणेच्या महापौरांना, लेलोस दिमित्रियादिस यांना, आपलं सांडपाणी रेघेपलीकडे सोडायचं होतं, आणि पलीकडे ते घ्यायला उत्तरेचे महापौर मुस्तफा अकिंजी होते. एकमेकांची पदं मान्य करायची सोय नव्हती. मान्यता न देता पाइप मात्र जोडता येतो, हे दोघांच्याही लक्षात आलं. शिष्टाचाराचे सगळे पेच बाजूला ठेवून त्यांनी तो जोडला. याच अकिंजींना पुढे उत्तरेचं अध्यक्षपद मिळालं. तोडग्यासाठी त्यांनी २०१७ पर्यंत स्वित्झर्लंडच्या वाऱ्या केल्या, पण तिथे उतार सापडला नाही.

तोडगा एकदा दारापर्यंत आला होता. एप्रिल २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्नान योजनेवर दोन्हीकडे सार्वमत झालं. उत्तरेतल्या ६५ टक्क्यांनी होकार दिला, दक्षिणेतल्या ७६ टक्क्यांनी नकार. आठवड्याभरात, १ मे रोजी, नकार देणारे युरोपीय संघात गेले आणि होकार देणारे दाराबाहेर राहिले. कायद्याने अख्खं बेट संघात आहे, फक्त संघाचे कायदे उत्तरेत ‘तूर्त’ स्थगित आहेत. हे तूर्तही एकविशी ओलांडून गेलं.

आत गेल्यावर दक्षिणेला घबाड मिळालं. वीसेक लाख युरो गुंतवा आणि युरोपीय पासपोर्ट घेऊन जा, अशी योजना २०२० पर्यंत चालली आणि रशियाचे धनिक रांग लावून आले. चोरून केलेलं चित्रीकरण बाहेर आलं तेव्हा योजना बंद झाली. याच काळात आई सायप्रसची तुर्क आणि बाप तुर्कस्तानचा, अशी बेटावरच जन्मलेली मुलं नागरिकत्वाचे अर्ज घेऊन खेटे घालत होती. अजून घालताहेत. चूक त्यांची. जन्माला येताना वीस लाख युरो आणायचे असतात.

आपलाही या बेटाशी संबंध आहे, फक्त तो आपल्याला सोयीप्रमाणे आठवतो. शांतिसेनेचे पहिले सेनापती ग्यानी, नंतरचे थिमय्या, आणि १९७४ च्या धुमश्चक्रीत विमानतळ कोणाच्याच हाती जाऊ नये म्हणून तो संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात घेणारे प्रेमचंद, तिघेही भारतीय. थिमय्या १९६५ मध्ये तिथेच वारले. सायप्रसने त्यांच्यावर तिकीट काढलं आणि लार्नाकात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. आपल्याकडे याची आठवण मे २०२५ मध्ये झाली. तुर्कस्तान पाकिस्तानच्या बाजूने उभं राहिलं, पुण्याच्या मार्केट यार्डात तुर्की सफरचंदांवर बहिष्कार पडला, आणि पुढच्याच महिन्यात पंतप्रधान निकोसियात मकारिओसांच्या नावाचा किताब स्वीकारत होते. थिमय्यांना साठ वर्षं वाट पाहावी लागली, ती सफरचंदांमुळे संपली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तरेने तुफान एर्हुर्मान यांना निवडून दिलं. ते दोन देशांऐवजी संघराज्याची भाषा करतात, त्यामुळे वाटाघाटींचे खलिते पुन्हा फिरू लागले आहेत. तोवर हाताशी असलेला यशस्वी करार चीजचा आहे. हालुमी, उत्तरेत हेलिम. २०१४ मध्ये अर्ज केला, आणि २०२१ मध्ये युरोपीय संघाने दोन्ही नावं एकाच शिक्क्याखाली नोंदवली. दोन्हीकडच्या दुग्धशाळांची तपासणीही एकाच संस्थेकडे. सात वर्षं लागली, पण झालं. आता भांडण आहे ते त्यात गायीचं दूध किती आणि शेळ्या-मेंढ्यांचं किती यावरून. दक्षिणेतले चीजवाले एकीकडे आणि दक्षिणेतलेच शेळीवाले दुसरीकडे. अद्याप शांतिसेना मागवलेली नाही.